बिनतारी वीज

बिनतारी वीज : तारेच्या जोडणीशिवाय विद्युत ऊर्जा एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पोहोचवण्याची पद्धत. मोबाइलचा चार्जिंग पॅड आणि विजेवर चालणारा दातांचा ब्रश ही तिची घरातली रूपे. कल्पना नवी वाटते, पण तिचे मूळ तत्त्व मराठवाड्याच्या शिवाराशिवारांत खांबावर बसलेले आहे. गावात ज्याला सगळे डीपी म्हणतात त्या रोहित्रात दोन वेटोळी असतात आणि त्यांच्यात तारेचा सांधा नसतो. उच्च दाबाच्या वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे चुंबकी क्षेत्र तयार होते, आणि ते दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये हे विद्युत चुंबकीय प्रवर्तन दाखवले. रोहित्रात हे क्षेत्र लोखंडी गाभ्यात बांधलेले राहते, म्हणून ऊर्जा फारशी वाया जात नाही. गाभ्याच्या जागी हवा आली की ते पसरते, आणि या पद्धतीच्या बहुतेक मर्यादा तिथूनच सुरू होतात.

निकोला टेस्ला यांना दूरवर बिनतारी वीज पाठवायची होती. त्यासाठी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९०१ मध्ये वॉर्डनक्लिफ मनोऱ्याचे काम सुरू झाले. पुढे पैसा आटला आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने एकाच कंप्रतेला (दर सेकंदाच्या कंपनसंख्येला) जुळवलेली दोन वेटोळी वापरून दोन मीटरवरचा ६० वॉटचा दिवा लावला. कार्यक्षमता सुमारे ४० टक्के होती. म्हणजे खोलीच्या अंतरावरसुद्धा निम्म्याहून अधिक ऊर्जा दिव्यापर्यंत पोहोचली नाही. वेटोळ्याच्या आकाराच्या तुलनेत अंतर बरेच वाढले की दर दुप्पट अंतराला क्षेत्र आठपट क्षीण होते. त्यामुळे विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीला हवेतून वीज देण्याची आशा कुणी दाखवली तर ती मानू नये.

मोबाइलच्या पॅडमध्ये अंतर काही मिलिमीटरच असते. ‘ची’ या नावाच्या मानकामुळे एका कंपनीचा पॅड दुसऱ्या कंपनीच्या फोनला चालतो. मराठवाड्यात याचा खरा फायदा धुळीशी जोडलेला आहे. रानात वावरणाऱ्या माणसाच्या फोनच्या चार्जिंगच्या खाचेत माती भरते, पिन ढिली होते, आणि ज्या फोनवरून मोटार चालू-बंद करायची तोच बंद पडतो. खाच वापरावीच लागली नाही, तर फोन जास्त टिकतो. हा लाभ शहरातल्या टेबलावरच्या सोयीपेक्षा मोठा आहे.

तोट्यांमध्ये लोक आधी बिलाची चिंता करतात, ती फारशी खरी नाही. सुमारे १९ वॉट-तास क्षमतेची बॅटरी रोज पूर्ण भरली, आणि केबलची कार्यक्षमता ८५ टक्के व पॅडची ६५ टक्के धरली, तरी वर्षाचा फरक अडीच युनिटांच्या आसपास येतो. वीज गेल्यावर मात्र हिशेब बदलतो. इन्व्हर्टर किंवा पॉवर बँकेतल्या मोजक्या साठ्यातून वाया जाणारा तिसरा हिस्सा जाणवतो. भारनियमनाच्या वेळी केबलच वापरावी.

मोठा तोटा उष्णतेचा आहे. वाया गेलेल्या ऊर्जेचा बराचसा भाग फोनच्या पाठीशीच उष्णता होऊन राहतो, आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर जातो, पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वाईट स्थिती असते. अशा वेळी पॅडवरचा फोन सावकाश भरतो किंवा चार्जिंग थांबवतो. उन्हाळ्यात पॅड वापरायचाच तर पहाटे, कव्हर काढून वापरावा. पॅड आणि फोन यांच्यामध्ये नाणे किंवा किल्ली राहिली तर तीही तापू शकते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चुंबक असलेले फोन व पॅड छातीपासून दूर ठेवावेत. आयफोन बिनतारी चार्ज होत असताना ३० सेंटिमीटरहून अधिक अंतर ठेवण्याची सूचना ॲपलनेच दिली आहे.

जिथे तार नेताच येत नाही, किंवा नेणे धोक्याचे असते, तिथे ही पद्धत सर्वांत उपयोगी ठरते. कर्णबधिर मुलांच्या कानामागे कातडीखाली बसवलेल्या, ऐकू येण्यास मदत करणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांट या यंत्राला कातडीतूनच वीज आणि आवाजाचा संकेत मिळतो. तार बाहेर काढली असती तर जखम कायम उघडी राहिली असती. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या वाचकयंत्राच्या रेडिओलहरींतून त्याला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते, आणि तेवढ्यात तो आपला क्रमांक कळवतो. जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदकही असेच बॅटरीविना चालवता येतात. मात्र ओली चिकणमाती रेडिओलहरी शोषते, म्हणून काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर वाचकयंत्र संवेदकाच्या आणखी जवळ न्यावे लागते.