रँकिनबाईंची खासदारकी नेमकी कशामुळे गेली?

अमेरिकेच्या खासदार जॅनेट रँकिन म्हटलं की ८ डिसेंबर १९४१चं मतदान आठवतं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला एकच दिवस झाला होता. जपानशी युद्ध पुकारावं, या बाजूने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ३८८ मतं पडली. विरोधात एकच, रँकिनबाईंचं. पण राजकारण समजून घ्यायचं तर त्यांची आधीची खासदारकी पाहायला हवी.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मिसूलाजवळ १८८०मध्ये त्यांचा जन्म झाला. जीवशास्त्राची पदवी, मग समाजकार्य, मग महिलांच्या मताधिकाराची चळवळ. मोंटानाच्या बायकांना १९१४मध्ये मत मिळालं आणि दोनच वर्षांत रँकिनबाई रिपब्लिकन पक्षाकडून उभ्या राहिल्या. राज्याला दोन जागा होत्या आणि दोन्हींसाठी अख्खं राज्य मिळून एकच मतदारसंघ. प्रचार आणि पैसा वकील भाऊ वेलिंग्टनने सांभाळला. बाई निवडून आल्या आणि अमेरिकी काँग्रेसमधल्या, म्हणजे संसदेतल्या, पहिल्या महिला सदस्य ठरल्या. गंमत म्हणजे देशातल्या बहुतेक बायकांना तेव्हा मतच नव्हतं.

२ एप्रिल १९१७ला शपथ झाली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी मांडली. ६ एप्रिलच्या पहाटे नावं पुकारली गेली. पहिल्या फेरीत रँकिनबाई गप्प. दुसऱ्या फेरीत उठून, मत देताना भाषण करायचं नाही हा संकेत मोडून त्या म्हणाल्या, की देशाच्या पाठीशी उभं राहायचं आहे, पण युद्धाच्या बाजूने मत देता येत नाही. ३७३ विरुद्ध ५० अशी ती मोजणी. बाकीचे ४९ पुरुष होते, त्यात बहुमतवाल्या पक्षाचे सभागृहनेते क्लॉड किचिनही. तरी वर्तमानपत्रांनी रडणारी बाई तेवढी रंगवली.

या मतामुळे त्या पडल्या, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जून १९१७मध्ये मोंटानातल्याच ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ माणसं गेली, खाणकामगार संपावर गेले आणि रँकिनबाई उघडपणे त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. समोर होती तांब्याच्या खाणींची अ‍ॅनाकोंडा कंपनी, आणि मोंटानातलं राजकारण नि वर्तमानपत्रं तिच्या मुठीत होती. त्यात राज्य विधिमंडळाने मतदारसंघाचे दोन तुकडे केले. रँकिनबाईंच्या वाट्याला आलेला भाग विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या वळणाचा. म्हणून १९१८मध्ये त्यांनी सिनेटकडे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाकडे, मोर्चा वळवला. पक्षांतर्गत निवडणूक हरल्या, मग तिसऱ्या पक्षाकडून लढून पुन्हा हरल्या. त्याआधी, त्याच वर्षी जानेवारीत, मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा त्यांनीच सुरू केली होती. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सिनेटमध्ये अडली.

१९४०मध्ये युद्धविरोध मांडतच त्या पुन्हा निवडून आल्या. वर्षभरात ते एकटीचं मत पडलं. बाहेर जमाव इतका खवळला की त्यांनी टेलिफोनच्या खोपट्यात आसरा घेतला. शेवटी पोलिसांनी सोडवून नेलं. अख्खा मोंटाना तुझ्या विरोधात आहे, असं भावाने कळवलं. हे मात्र लागलं असणार.

१९४२ला त्या उभ्याच राहिल्या नाहीत. गांधीजींच्या अहिंसेच्या ओढीने १९४६पासून त्यांनी अनेकदा भारतवाऱ्या केल्या. जानेवारी १९६८मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांचा मोर्चा घेऊन त्या वॉशिंग्टनला गेल्या. १९७३मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा अमेरिकी सैन्य व्हिएतनाममधून परतून दोनच महिने होत आले होते.