श्रीलंकेची खतबंदी आणि मातीचा वेग

मे २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आणि कीटकनाशकांची आयात बंद केली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे यांनी २०१९ च्या निवडणुकीत सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत जाण्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात शेतकऱ्याला तयारीसाठी एक अख्खा हंगामही मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, तरी भाताचे उत्पादन कोसळले आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. बंदी उठली तोवर ‘महा’ या तिथल्या मुख्य हंगामातला भात शेतात उभा होता. भाताला नत्र (नायट्रोजन) लागते ते मुख्यतः फुटवे (बुंध्यातून फुटणारी नवी खोडे) येताना आणि लोंबी धरायच्या आधी. ती वेळ टळली की नंतर टाकलेल्या खताने गेलेले फुटवे परत येत नाहीत.

यावरून सेंद्रिय शेतीच फसवी आहे असे म्हणणे चूक आहे. चुकला तो वेग, आणि तो किती चुकला हे साध्या हिशेबाने कळते.

भाताला हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे आहे असे धरू. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे २१७ किलो युरिया लागेल. ४५ किलोच्या पाच गोण्यांत काम झाले. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी २० टन शेणखत हवे. त्यातलेही पहिल्या पिकाला लागू पडते ते सुमारे एक तृतीयांश. उरलेले जिवाणू सावकाश मोकळे करतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळी गरज शेणखतावर भागवायची तर हेक्टरी ६० टन लागेल. एवढे खत कुठल्याच गावात नसते. दरवर्षी घालत गेलात तर आधीच्या वर्षांचे शिल्लक नत्र मदतीला येते आणि ही गरज उतरत जाते. ही शिल्लक साठायला लागणारी वर्षे कुठल्याही अध्यादेशाने कमी होत नाहीत.

खत कमी पडले म्हणून कच्चा पेंढाच गाडला तर आणखी पंचाईत. पेंढ्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र फार थोडे. तो कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि काही आठवडे रोपे पिवळी पडतात. कर्ब-नत्राचे प्रमाण २५-३० च्या खाली आले की मगच ते पिकाला मिळू लागते.

सिक्कीमने उलट वाट धरली. २००३ मध्ये विधानसभेत घोषणा झाली, खतांचे अनुदान टप्प्याटप्प्याने उतरवले गेले, २०१० मध्ये सेंद्रिय मिशन आले आणि जानेवारी २०१६ मध्ये राज्य पूर्ण सेंद्रिय जाहीर झाले. तेरा वर्षे लागली. मात्र तिथे खतांचा वापर मुळातच फार कमी होता आणि बरेचसे धान्य आजही बाहेरून येते, हे विसरून सिक्कीमचा दाखला देऊ नये.

दहा वर्षांची मुदत हातात असली तरी नुसते थांबून भागत नाही. हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवेच शेतात गाडण्यासाठी, धैंचा आणि तागाचे बियाणे, कंपोस्टचे खड्डे, पाल्यासाठी बांधावर गिरिपुष्पाची झाडे ही तयारी पहिल्याच वर्षी, घाईनेच करायला हवी. सावकाश कमी करायचा तो युरिया. पहिल्या हंगामात चौथा हिस्सा कमी करावा, तोही हिरवळीचे खत गाडलेल्या शेतात. उत्पादन टिकले तरच पुढचा हिस्सा. धैंचा ४५-५० दिवसांचा, खोड कोवळे असतानाच गाडावा. जून खोड लवकर कुजत नाही.

कोकणातली चारसूत्री भातलागवड याच रीतीची आहे. भाताचे अवशेष आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलात जातो, आणि युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचे रासायनिक खत) यांच्या गोळ्या चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध खोल खोचतात. रासायनिक खत बंद होत नाही. पण वाहून आणि उडून जाणारे नत्र वाचल्याने कमी खतात भागते. हा बदल शेतकरी एकाच पावसाळ्यात करू शकतो, आणि मातीतली शिल्लक त्याच्या मागून वाढत राहते.