अन्नातले नैसर्गिक जंतुरोधक

अन्नातून पोटात जाणाऱ्या जंतूंना मारायला किंवा त्यांची वाढ रोखायला अन्नात मुद्दाम घातलेला, आणि झाडं, प्राणी किंवा सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळालेला पदार्थ म्हणजे नैसर्गिक जंतुरोधक. बाजारात याला सरसकट नॅचरल प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतात. मोहरी, लवंग, लसूण, व्हिनेगर हे घरातले, आणि मीठ खनिज असलं तरी बोलताना तेही यातच धरतात. नायसिन, लायसोझाइम, नॅटामायसिन हे फॅक्टरीत वापरतात पण मूळ त्यांचंही निसर्गातच आहे. नैसर्गिक या शब्दावरून पदार्थ कुठून आला एवढंच कळतं, तो कुठल्या जंतूवर चालतो आणि किती घातला तर चालतो हे कळत नाही, आणि लोकांचा सगळा घोळ इथेच होतो.

दुसरा घोळ म्हणजे टिकणं आणि सुरक्षित असणं एकच समजणं. बुरशी डोळ्याला दिसते, आंबलेल्याचा वास येतो, म्हणजे अन्न नासवणारे जंतू स्वतःच वर्दी देतात. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया अशा आजारी पाडणाऱ्या जंतूंचं अन्न मात्र दिसायला, वासाला, चवीला अगदी नेहमीसारखं असू शकतं, आणि लिस्टेरिया तर फ्रीजमध्येसुद्धा हळूहळू वाढत राहतो. नॅटामायसिन बघा, 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेलं, चीजच्या वरच्या बाजूला लावलं की बुरशी धरत नाही, पण बॅक्टेरियावर ते काहीच करत नाही. त्यामुळे चीज छान दिसतंय म्हणून ते जंतूंपासून सुरक्षित आहे असं होत नाही.

घरातल्यांपैकी मोहरी सगळ्यात शिकण्यासारखी आहे. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर फारसं काही होत नाही, पण तीच खलात थोडं पाणी घालून फेसली की दोन मिनिटांत नाकात चढते आणि डोळ्यांतून पाणी येतं. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, दाणा फुटून पाणी लागलं की दोघं भेटतात आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं, तो झणका म्हणजे हेच, आणि जंतूंना मारणारंही हेच. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला तो झणका नसतो कारण गरम तेलात एन्झाइम मरून जातं. म्हणून लोणच्यात मोहरीची डाळ कच्ची घालतात आणि तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून मगच ओततात. आमच्याकडे तेल गार झालंय का हे बघायला आई पातेल्याला बाहेरून हात लावायची, कोमट लागलं तरी थांबायला सांगायची, तेव्हा वाटायचं की एवढं काय, पण त्या थांबण्यात केमिस्ट्री आहे. जपानमध्ये वासाबीत हेच द्रव्य असतं, आणि तिथे जेवणाच्या डब्यात ठेवायला त्याच्या पातळ शीट मिळतात, झाकणाखाली त्याची वाफ पसरते आणि जंतूंची वाढ रोखते.

पण एकट्या मोहरीवर लोणचं टिकत नाही. कैरी धुवून, पुसून, पंख्याखाली कोरडी करायची, फोडींना मीठ-हळद चोळून सुटलेलं पाणी वेगळं करायचं, बरणीला हिंगाची धुरी द्यायची, तेल फोडींच्या वर बोटभर उभं राहिलं पाहिजे, तोंडाला दादरा बांधायचा आणि ओला चमचा अजिबात नाही. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे जंतूंच्या वाटेतला एक अडसर आहे. मीठ पाणी ओढून घेतं, कैरी आंबटपणा देते, मोहरी थेट मारते, तेल हवा तोडून बुरशी थांबवते. एकेकटा अडसर जंतू ओलांडू शकतो, सगळे मिळून नाही. जर्मन शास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी 1970च्या दशकात याचंच शास्त्र मांडलं, त्याला हर्डल टेक्नॉलॉजी म्हणतात, आणि सॉसेजपासून पनीरपर्यंत आता सगळीकडे ते वापरतात. आकडे सांगायचे तर बॉट्युलिनम हा हवा नसलेल्या जागी वाढून जीवघेणं विष तयार करणारा जंतू आंबटपणाचं माप म्हणजे पीएच 4.6 च्या खाली गेलं की वाढत नाही, आणि पाण्यात साधारण 10 टक्के मीठ झालं की त्याचा सगळ्यात चिवट प्रकारही थांबतो. आता बीपीमुळे घरोघरी लोणच्यात मीठ निम्मं करतात, ते समजण्यासारखं आहे, पण मग एक अडसर काढला हे लक्षात ठेवून ती बरणी फ्रीजमध्येच ठेवायला हवी. मी एक वर्ष बाहेर ठेवली होती, पंधरा दिवसांत वर पांढरी साय धरली आणि सगळं टाकून द्यावं लागलं.

अडसर कमी पडले की काय होतं याचं लसूण-तेल हे सगळ्यात वाईट उदाहरण. लसूण चिरला की त्यातून अ‍ॅलिसिन निघतं आणि ते जंतू मारतं, लुई पाश्चरने 1858 मध्येच लसणाचा हा गुण नोंदवलेला आहे. तरीही 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमुळे 36 लोकांना बॉट्युलिझम म्हणजे त्या बॉट्युलिनमच्या विषाची बाधा झाली, आणि कारण निघालं बाटलीतला तेलात बुडवलेला चिरलेला लसूण, जो फ्रीजबाहेर ठेवलेला होता. मातीतून लसणावर बॉट्युलिनमचे बीजाणू म्हणजे त्याची कडक कवचातली झोपलेली रूपं येतात, तेलाखाली हवा नाही, आंबट काही नाही, मीठ नाही, म्हणजे त्या जंतूला हवं तेच सगळं मिळालं, आणि अ‍ॅलिसिन टिकाऊ नसल्यामुळे ते तोपर्यंत संपूनही गेलेलं असतं. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात तसंच परत घडलं, तेव्हा अमेरिकेने अशा बाटल्यांत आम्ल घालणं सक्तीचं केलं. आपल्या लसणाच्या लोणच्यात लिंबू पिळतात ते यासाठीच महत्त्वाचं आहे. गोव्यात विंडालूला माडाच्या सुरेचं व्हिनेगर लागतं तिथेही हेच काम होतं, त्या पदार्थाचं नावच मुळी पोर्तुगीजमधल्या वाइन आणि लसूण या दोन शब्दांवरून आलंय. घरी लसूण नुसता तेलात घालून शेल्फवर ठेवायचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात, तसं घरी करू नका, कृपया.

मसाल्यांबद्दल थोडक्यात. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं, ओव्यात थायमॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, आणि लॅबमधल्या काचेच्या बशीत हे सगळे जोरदार काम करतात. अन्नात मात्र चरबी आणि प्रोटीन त्यांना धरून ठेवतात म्हणून तोच परिणाम हवा तर कित्येक पट जास्त घालावं लागतं, आणि तेवढी लवंग घातलेला रस्सा कोणी खाणार नाही. शिवाय मसाल्यावर स्वतःचे जंतू असू शकतात. 2009-10 मध्ये अमेरिकेत सलामीवर लावलेल्या मिरीतून साल्मोनेला पसरला आणि अडीचशेच्या वर लोक आजारी पडले.

फॅक्टरीतल्यांमध्ये नायसिनची गोष्ट सगळ्यात छान आहे. दुधात वाढणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू शेजारच्या जिवाणूंना हटवायला 34 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी सोडतो. 1928 मध्ये अमेरिकेत कोणाच्या तरी लक्षात आलं की काही दुधातले जिवाणू इतरांची वाढ रोखतात, 1933 मध्ये न्यूझीलंडमध्ये चीजची विरजणं का बिघडतात हे शोधताना तोच पदार्थ पुन्हा समोर आला, आणि 1947 मध्ये इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्याला नायसिन नाव दिलं. 1969 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या (एफएओ आणि डब्ल्यूएचओ) समितीने ते सुरक्षित ठरवलं. ते जंतूची भिंत बांधायला लागणारा कच्चा माल, लिपिड टू, पकडून ठेवतं आणि त्याच जागी जंतूच्या पडद्याला भोकं पाडतं. लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस, बॉट्युलिनम यांच्यावर हे चालतं. ई. कोलाय आणि साल्मोनेलाला बाहेरून आणखी एक पडदा असतो, तिथे नायसिन पोचतच नाही. आपल्या पोटात गेलं की ते इतर प्रोटीनसारखंच पचून जातं. चीजच्या पाकिटावर 234 हा आकडा दिसला तर ते नायसिन, 235 म्हणजे नॅटामायसिन, आणि 1105 म्हणजे लायसोझाइम. हे लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1922 च्या सुमारास नाकाच्या शेंबडात सापडलं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, आणि आता ते अंड्याच्या पांढऱ्यापासून काढून कडक चीज आतून फुगू नये म्हणून घालतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तो आकडा बघून घ्यावा.

भारतातल्या नियमांत प्रिझर्व्हेटिव्हचे दोन वर्ग आहेत. पहिल्यात मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेल वगैरे येतात आणि त्यांच्यावर सहसा मर्यादा नाही. दुसऱ्यात बेंझोइक, सॉर्बिक, सल्फाइट, नायसिन येतात, आणि ते ठरलेल्या पदार्थांत ठरलेल्या प्रमाणातच चालतात. म्हणजे कायदा इथे नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करत नाही, नायसिन निसर्गातलं असून दुसऱ्या वर्गात आहे, आणि मला हे योग्यच वाटतं. सॉर्बिक आम्ल 1859 मध्ये रोवन नावाच्या झाडाच्या फळांपासून पहिल्यांदा काढलं होतं, आज ते कारखान्यात बनतं, रेणू तोच आहे. उलट परदेशात मांसात सेलरी या पालेभाजीची पावडर घालून वर नायट्राइट हे मांस टिकवणारं रसायन घातलेलं नाही असं लिहितात, पण सेलरीत नायट्रेट भरपूर असतं आणि त्याचं नायट्राइटच होतं, मांसात पोचणारं द्रव्य काही वेगळं नसतं.

पहिल्या वर्गातला मधही त्याच्या घट्टपणामुळे आणि आंबटपणामुळे वर्षानुवर्षं टिकतो, त्यात जंतू वाढत नाहीत, पण बॉट्युलिनमचे बीजाणू त्यात जिवंत झोपून राहू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा उगवत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात उगवू शकतात आणि तिथेच विष तयार होतं. त्यामुळे 1 वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, बारशाला घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी.