पाठ टेकल्यावर सुरू होणारी झुंज

चिटणीस पार्कातल्या कुस्तीत पहिलवानाची पाठ मातीला लागली की निकाल लागला. ब्राझिलियन जिऊ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेला खेळाडू हरलेला नसतो, बरेचदा पुढचा डाव तोच रचत असतो. कुस्ती पाहत वाढलेल्या नागपूरकराला हे सहज पटत नाही. पण शरीर कसं चालतं ते पाहिलं, तर त्यात मोठी सुंदर सुसंगती दिसते.

ही विद्या मूळची जपानची. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत स्थापन केलेल्या कोडोकान या ज्यूदो-शाळेचा ज्यूदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि तिथे ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झटापटीचा भाग वाढवला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वजनगट न पाळता झालेली पहिली यूएफसी ही वेगवेगळ्या युद्धकलांची स्पर्धा सुमारे ८० किलोच्या रॉयस ग्रेसीने जिंकली, तेव्हा जगाचं लक्ष इकडे वळलं.

उभ्या माणसाच्या ठोशाला ताकद मिळते ती पायांनी जमीन रेटून आणि कंबर फिरवून. त्यासाठी हात मागे घ्यायला जागा लागते. खाली पडलेल्याने दोन्ही पायांनी वरच्याची कंबर आवळून त्याला छातीशी ओढलं, की ती जागाच उरत नाही. याला क्लोज्ड गार्ड म्हणतात. आता वरच्याच्या हातांचा सामना खालच्याच्या मांड्यांशी आणि नितंबांशी आहे, आणि हे शरीरातले सर्वांत दांडगे स्नायू.

वरच्याने पाय ओलांडून छातीवर बैठक मारली, म्हणजे माउंट घेतला, तर काम अवघड होतं. नुसतं ढकलून तो हलत नाही, हात मात्र थकतात. त्याचे दोन गुडघे आणि टेकवलेले दोन हात हा त्याचा पाया. गुरुत्वमध्य या पायाच्या आत आहे तोवर तो पडणार नाही. म्हणून त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवायचा, मग टाचा रोवून कंबर जोरात वर उचलत त्याच बाजूला वळायचं. खाटेचे एका बाजूचे दोन्ही पाय काढल्यासारखं होतं, तो कलंडतो. नवशिक्याने आधी हे आणि कुशीवर वळून कंबर मागे सरकवणं घोटावं. कैची आणि चोक, म्हणजे गळा आवळण्याचे डाव, नंतर.

आर्मबार या कोपर ताणण्याच्या डावात तरफेचा नियम उघड दिसतो. प्रतिस्पर्ध्याचा दंड मांड्यांमध्ये पकडून मनगट छातीशी धरायचं आणि कोपराखालून कंबर वर उचलायची. कोपर उलट्या दिशेला वाकत नाही. दंडाचा बायसेप्स स्नायू कोपरापासून जेमतेम ४-५ सेंमीवर जोडलेला असतो, मनगट मात्र साधारण २५ सेंमी दूर. म्हणजे मनगटावरच्या ओढीला थोपवायला त्या स्नायूला पाचपट जोर लावावा लागतो, तोही समोरच्याच्या अख्ख्या पाठीविरुद्ध.

गुणांची पद्धतही याच तर्काची आहे: पाय ओलांडून गार्ड भेदला तर ३ गुण, माउंटला ४ आणि पाठीमागून पकडलं तरी ४. पाठीमागचा माणूस दिसत नाही आणि आपले हात पुढच्या बाजूला काम करायला घडलेले आहेत, म्हणून ती जागा सर्वांत घातक.

इथल्या हवामानाबद्दलही सांगायला हवं. घामाने ओली त्वचा निसटते. आखाड्यात अंगाला माती लावल्याने पकड टिकते, तेच काम जिऊ-जित्सूत गी नावाचा जाड सुती पोशाख करतो. पण तो उष्णताही कोंडतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सराव पहाटे ठेवावा, मधून मधून पाणी प्यावं, गरगरलं तर लगेच थांबावं.

मागून घातलेल्या चोकमध्ये श्वासनळी नव्हे, तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या जातात. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीत सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, आणि त्याच्याकडे साठा जवळपास नसतो. पकड नीट बसली तर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून हाताने दोनदा थोपटलं, म्हणजे टॅप केलं, की त्याच क्षणी पकड सोडायची. घरच्या गादीवर भावंडांनी हा डाव मुळीच करून पाहू नये. तो प्रशिक्षकासमोरच शिकायचा.