जुना शूटर, नवा पडदा: खेळायला बसण्यापूर्वी

आमचा रीमेक विकत घेतल्याबद्दल मनापासून आभार. मूळ शूटर, म्हणजे यानातून शत्रूंवर गोळ्या झाडण्याचा गेम, आठ-बिट काळातला, फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या कन्सोलवरचा. तो नव्याने बांधताना आम्हाला पावलोपावली एकच प्रश्न पडत गेला: ही गोष्ट मूळ गेम करणाऱ्यांनी मुद्दाम केली होती, की यंत्राने त्यांना तसं करायला भाग पाडलं होतं?

याचं उत्तर अनेकदा 'दोन्ही' असं येतं. तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 साली तैतो कंपनीत केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' आठवा. सुरुवातीला पडद्यावर 55 शत्रू असतात आणि यंत्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, त्यांतला एकच सरकवतं. सेकंदाला साधारण 60 फ्रेम, म्हणजे सगळी फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद लागतो. शत्रू मरत जातात तशी उरलेल्यांची चाल वाढते आणि शेवटचा एकटा सुसाट सुटतो. हा वेग यंत्राच्या मर्यादेतून आला होता. निशिकादोंनी तो तसाच ठेवला आणि त्या गेमचा थरार त्यातच आहे. आजच्या प्रोसेसरवर ही 'चूक' सहज काढता येईल, पण मग तो गेमच उरणार नाही.

म्हणून आमच्या गेममध्ये 'मूळ' आणि 'नवा' असे दोन मोड आहेत. सगळ्यात मोठा फरक गेम मंदावण्याचा. पडद्यावर शत्रू आणि गोळ्या दाटल्या की जुना प्रोसेसर दमायचा आणि सगळंच हळू व्हायचं. मुरलेले खेळाडू त्या मंदावण्याच्या भरवशावरच बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, माऱ्यातून वाट काढत. तोच मारा पूर्ण वेगाने सोडला तर माणसाच्या हाताला झेपत नाही. 'मूळ' मोडमध्ये गेम पूर्वी जिथे मंदावायचा तिथेच मंदावतो. 'नवा' मोडमध्ये तो कुठेही अडखळत नाही, मात्र त्या जागी आम्ही बॉसच्या गोळ्यांचा वेग उतरवला आहे. दोन्ही मोडमधल्या स्कोअरची तुलना न्याय्य ठरणार नाही, म्हणून त्यांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या आहेत. आधी 'मूळ' खेळून पाहा, अशी आमची शिफारस.

लुकलुकणं मात्र आम्ही दोन्ही मोडमधून काढलं. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत 8 पेक्षा जास्त स्प्राइट (यान, शत्रू, गोळ्या अशी हलणारी छोटी चित्रं) दाखवता येत नसत, म्हणून प्रोग्रामर त्यांचा क्रम सतत बदलत आणि स्प्राइट आळीपाळीने दिसत. दिसलीच नाही अशा गोळीने यान फुटणं आम्हाला कधीच पटलं नाही. कुणाला ते हवंच असेल तर चित्राच्या सेटिंगमध्ये परत चालू करता येतं.

आता चित्राबद्दल. मूळ चित्र 240 ओळींचं. 1080 ओळींच्या टीव्हीवर ते पूर्ण उंचीला ताणलं की साडेचार पट होतं. पिक्सेल अर्धा दाखवता येत नाही, त्यामुळे काही ओळी चार पट जाड होतात तर काही पाच पट, आणि पार्श्वभूमी सरकताना चित्र थरथरतं. म्हणून आम्ही चित्र नेमकं चार पट ठेवलं आहे. वर आणि खाली 60-60 ओळींची काळी पट्टी दिसेल, तो बिघाड नाही. 4के टीव्हीवर बरोबर नऊ पट होतं, तिथे ही पट्टी येत नाही. 'जुना टीव्ही' हा फिल्टरही लावून पाहाच. त्या काळचे चित्रकार काचेच्या पडद्यावर शेजारचे रंग एकमेकांत मिसळणार हे धरूनच रंग भरत, त्यामुळे फिल्टर लावल्यावर स्फोट आणि ढग जास्त भरीव दिसतात.

बटण दाबल्यावर यान उशिरा हलतंय असं वाटलं, तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. एक फ्रेम म्हणजे साधारण 16.7 मिलिसेकंद. चित्र चकचकीत करण्याच्या नादात टीव्ही कित्येक फ्रेम वाया घालवतो, आणि गोळ्या चुकवताना तेवढा उशीरही जीवघेणा ठरतो.

यानाला गोळी लागण्याची जागा यानाच्या चित्रापेक्षा लहान आहे. गोळी पंखाला घासून गेली आणि तुम्ही वाचलात, तर गेम बरोबरच चालला आहे.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. झगमगत्या प्रकाशाने ज्यांना झटके येतात, त्यांनी खेळ सुरू करण्यापूर्वी 'चमक कमी' हा पर्याय निवडावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच खेळावं. या पर्यायात स्फोटांचा पांढरा झगमगाट आणि पडद्याचं हादरणं बंद होतं. गोळ्यांचे रंग वेगळे ओळखू येत नसतील, तर त्यांना वेगवेगळे आकार देण्याची सोयही तिथेच आहे. दोन्ही पर्याय चालू ठेवले तरी स्कोअर यादीत नेहमीसारखाच नोंदला जातो.