लघुप्रतिकृतींसाठी कापणीची हत्यारे

घर, विमान, आगगाडी, गड किंवा अख्खे गाव ठरावीक प्रमाणात लहान करून उभे करताना पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टिक, फोम व पातळ पत्रा कापायला लागणारी हाताची हत्यारे. सुरी, कटर, निप्पर (तोडायची छोटी पक्कड), बारीक दातांची करवत आणि तापलेल्या तारेचा कटर ही त्यांतली नेहमीची. पाते पदार्थात शिरते तेव्हा तिथला पदार्थ नाहीसा होत नाही, तो बाजूला सारला जातो. सारलेला पदार्थ जाणार कुठे, हे ओळखले की हत्यार जवळजवळ ठरतेच. पुठ्ठा दबतो, बाल्सा या हलक्या लाकडाचे तंतू चिरडतात, पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक पांढरे पडते आणि ॲक्रिलिकला कुठेच सरकता येत नाही म्हणून ते तडकते.

पात्याची जाडीही म्हणूनच बघायची. ९ मिमी. रुंद कटरचे पाते साधारण ०.३८ मिमी. जाड असते, १८ मिमी. रुंद कटरचे ०.५ मिमी. रेल्वेच्या प्रतिकृतींत रूढ असलेल्या १:८७ या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे साडेचार सेंटिमीटर. तेवढ्याने दार चौकटीत बसायचे राहते. मोठा कटर बोर्डाचे ताव उभे-आडवे कापायला ठीक, खिडक्यांना नाही.

मोडत्या पात्याचा कटर जपानचा. ओसाकात कागदकापणीच्या कामात असलेल्या योशिओ ओकादा यांना पात्याचे फक्त टोक झिजते आणि बाकीचे पाते फुकट जाते, हे खटकत होते. चर्मकार काचेचा तुकडा बोथट झाला की तो फोडून नवी धार काढतात, हे त्यांना ठाऊक होते. चॉकलेटची वडी खाचेवर मोडते, हेही. या दोन्हींतून १९५६ साली खाचा पाडलेले पाते आले. पुढे त्यांच्या कंपनीचे ओल्फा हे नावही जपानीतल्या ‘मोडणे’ आणि ‘पाते’ या शब्दांवरूनच पडले. अनेक कटरांच्या मागच्या टोपणाला असलेली फट टोक मोडण्यासाठीच असते. वर्षानुवर्षे कटर वापरणारेही टेबलाच्या कडेवर दाबून टोक उडवतात आणि मग ते जमिनीवर शोधत बसतात.

दुसरे घराणे शल्यक्रियेचे. मूठ तीच ठेवून पाते बदलायच्या सुरीचे पेटंट मॉर्गन पार्कर यांनी अमेरिकेत १९१५ साली घेतले. इंग्लंडात १९३२ साली निघालेली शेफील्डची स्वान-मॉर्टन ही कंपनीही अशी पाती करते. प्रतिकृतीकारांच्या कामाची म्हणजे ३ नंबरची मूठ आणि तिच्यात बसणारी १०ए व ११ नंबरची पाती. आपल्याकडे ती सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतात. एक्स-ॲक्टो ही अमेरिकी छंदसुरीसुद्धा वैद्यकीय सामान बनवणाऱ्या कारखान्यातच १९३०च्या दशकात जन्मली. तिच्या टोकदार पात्यालाही ११ नंबरच म्हणतात, पण एकीचे पाते दुसरीच्या मुठीत बसत नाही. नुसता नंबर सांगून पाती आणणारा हमखास फसतो. शस्त्रक्रियेचे पाते जास्त पातळ व तीक्ष्ण असते. आडवा जोर पडला की टोक तुटते. ते मुठीत बसवताना आणि काढताना बोटे नकोत, पक्कड घ्यावी.

पैसे मुठीत न घालता पात्यांत घालावेत, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो. धातूची देखणी मूठ घेऊन एकच पाते महिनाभर चालवणाऱ्यापेक्षा साधा कटर घेऊन दिवसाला दोन टोके मोडणाऱ्याचे काम स्वच्छ येते. बोथट पाते जोर मागते, जोर दिला की घसरते, आणि पट्टी धरलेला हात तिथे जवळच असतो. धार बघायची तर पाते दिव्याखाली धरून कडेकडे सरळ पाहावे. चांगली धार दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे ती बोथट झाली आहे. साध्या पोलादाचे पाते चांगली धार घेते, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दोन दिवसांत तांबेरते. मशीनच्या तेलाचा हात फिरवलेल्या कागदात गुंडाळून ठेवले की टिकते.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचा बराच वेळ माउंट बोर्ड या जाड पुठ्ठ्यात जातो. दीड मिमी. जाडीचा बोर्ड एका फटक्यात कापू पाहणे ही नेहमीची चूक. पहिल्या हलक्या रेघेने फक्त वाट आखायची, मग त्याच वाटेने चार-पाच वेळा पाते ओढायचे. पट्टी पोलादाचीच हवी, प्लॅस्टिकच्या पट्टीचे साल निघते. खिडकी कापताना खरा कस कोपऱ्यात लागतो. रेघ कोपऱ्यापर्यंत ओढत नेली तर पाते पुढे निसटते आणि भिंतीवर मिशीसारखी चीर उमटते. त्याऐवजी टोक नेमके कोपऱ्यात रोवावे, तिथून मध्यापर्यंत यावे, बोर्ड फिरवावा आणि समोरच्या कोपऱ्यातून तसेच यावे. मनगट वळवू नये, बोर्ड वळवावा. या कामाला ३० अंशांचे निमुळते टोक चांगले, कारण टोक कुठे टेकले ते डोळ्यांना दिसते. नेहमीचे साठ अंशांच्या आसपासचे टोक पट्टीच्या आड जाते.

प्लॅस्टिकच्या किटमधले भाग एका चौकटीला चिकटून येतात. ते सोडवायला निप्पर लागतो, त्याची एक बाजू सपाट असते. सपाट बाजू भागाकडे ठेवून आधी थोडे लांबून तोडायचे, मग राहिलेला खुंट दुसऱ्यांदा जवळून तोडून सुरी व पॉलिश पेपरने साफ करायचा. पहिल्याच वेळी भागाला भिडून तोडले की दोन्ही पाती प्लॅस्टिक चेपतात आणि पांढरा डाग पडतो. हा डाग प्लॅस्टिकच्या आत असतो, नुसते घासून जात नाही. एकाच बाजूला धार असलेले जपानी निप्पर, विशेषतः नीगाता भागातल्या गॉडहँडचे, हा दाब फार कमी करतात. मात्र ते नाजूक असतात. पारदर्शक भाग कडक असतात, त्यांवर असे निप्पर चालवले तर धारेचा टवका उडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणारा इलेक्ट्रॉनिक्सचा निप्पर शिकायला पुरेसा आहे, फक्त त्याने एकदाही तार तोडू नये.

ॲक्रिलिकला सुरी नकोच. आकडीसारख्या पात्याचा कटर मागे ओढला की तो प्लॅस्टिकची बारीक सळी खरवडून काढतो. अशी खोल खाच पाडून शीट टेबलाच्या कडेवर मोडायची. जाड लाकडी पट्ट्यांना करवत. जपानी पद्धतीची करवत ओढताना कापते, त्यामुळे तिचे पाते पातळ असूनही वाकत नाही. उलट दातांची असेल तर ढकलताना कापते. घेताना दात कुठे झुकलेत ते बोटाने बघावे. नक्षीच्या पितळी पत्र्याखाली मात्र मऊ कटिंग मॅट चालत नाही, पत्रा वाकतो. तिथे फरशीचा तुकडा किंवा काच घ्यावी आणि पाते गेले असे धरून चालावे.

थर्मोकोलमध्ये बोथट पाते मणी उपटते, म्हणून मखरे करणारे तापलेली नायक्रोमची तार वापरत. ती कापत नाही, वितळवते, आणि त्या धुरासाठी खिडकी उघडी लागते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी आली, तेव्हा बरेच मखरवाले पुठ्ठा आणि सनबोर्डकडे वळले, आणि तारेची जागा कटरने घेतली. सनबोर्ड बहुधा पीव्हीसीच्या फोमचा असतो. लांब काढलेले, आडवे धरलेले ताजे पाते त्यात स्वच्छ चालते. तो लेझरवर मात्र लावायचा नाही, कारण पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो. जाणता लेझरवाला एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) व ॲक्रिलिक बिनदिक्कत घेतो, सनबोर्डचा ताव परत हातात देतो.