पट्टीची खालची बाजू : न सरकणाऱ्या पट्टीची पार्श्वभूमी

पट्टीचा इतिहास म्हणून जे सांगितलं जातं तो बहुतेक वेळा तिच्यावरच्या खुणांचा इतिहास असतो. लोथलच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती पट्टीवर दोन रेघांमधलं अंतर सुमारे १.७ मिलिमीटर आहे. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतकं बारीक आखलं, हे वाचून आजही थक्क व्हायला होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियाच्या गुदेआ या राज्यकर्त्याचा डोकं नसलेला दगडी पुतळा आहे. तो इसवी सनापूर्वी बाविसाव्या शतकातला. त्याच्या मांडीवर वास्तूचा आराखडा कोरलेली पाटी आहे आणि पाटीच्या कडेला खुणांची मोजपट्टी. तुतनखामेनचा खजिनदार माया याची लाकडी मोजपट्टीही त्याच संग्रहालयात आहे.

पट्टीला मोजायचं असतं हे खरं, पण रेघ ओढताना किंवा कागद कापताना तिचं काम वेगळंच असतं. तिथे तिने सरळ कड द्यायची असते आणि ठेवलं तिथून हलायचं नसतं. खुणांवर आणि कडेवर माणसाने हजारो वर्षं मेहनत घेतली. न हलण्याचं काम मात्र हातावर सोपवून दिलं. माझ्या मते पट्टीच्या रचनेतला सर्वांत उशिरा सुटायला लागलेला प्रश्न हाच आहे, आणि तो पट्टीच्या खालच्या बाजूचा आहे.

जुने कारागीर या प्रश्नाला वळसा घालून जात. सुतार लांब रेघेसाठी पट्टी धरतच नसे. रंगात किंवा खडूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे उचलून सोडली की लाकडावर सरळ रेघ उमटते. हस्तलिखितं लिहिणाऱ्यांकडे ‘मिस्तर’ असे. पुठ्ठ्यावर समांतर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून बोटाने दाबायचा, की सगळ्या ओळी एकदम उठतात. युरोपातले लेखनिक चर्मपत्राच्या दोन्ही समासांत टोच्याने भोकं पाडून ठेवत आणि त्यांच्या आधाराने पट्टी लावत. पट्टी हलली तरी ती परत कुठे लावायची हे भोकं सांगत. जहाजांच्या आराखड्यांत लांब लवचीक पट्ट्या वापरत आणि त्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांच्यावर शिशाची जड वजनं ठेवत. यांपैकी शेवटची युक्ती सोडली, तर पट्टीच धरून ठेवावी असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

वजन ठेवणं का बरोबर, याचं उत्तर १६९९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गीयोम आमोंतोंने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत हे त्याच्या दोनशे वर्षं आधीच आलं होतं, पण त्या वह्या लोकांपुढे आल्या नव्हत्या. पुढे १७८५ मध्ये कूलोंब या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगांनी त्याला बळकटी दिली. पट्टी बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. लाकडाची किंवा धातूची पट्टी नुसती रुंद केल्याने ती अधिक घट्ट बसणार नाही. एक तर दाब वाढवा, नाही तर खालचा पदार्थ बदला.

आता पट्टी सरकते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू, कारण सगळी रचना त्यावर उभी आहे. पट्टी क्वचितच अख्खी बाजूला जाते, ती फिरते. तीस सेंटिमीटरची पट्टी मधोमध दोन बोटांनी दाबली, आणि पेन्सिल किंवा पातं टोकाशी पोचलं, की पंधरा सेंटिमीटर लांबून लागणारा आडवा जोर बोटांभोवती पट्टीला वळवू पाहतो. बोटं एकमेकांपासून चार सेंटिमीटरवर असतील तर त्यांच्याखालचं घर्षण त्याला फारसं अडवू शकत नाही. तेवढ्याच दाबाने अंगठा आणि करंगळी सोळा सेंटिमीटर फाकवून ठेवली, तर हिशेबाने जवळजवळ तिप्पट जोर पेलता येतो. रेघ सुरुवातीला बरोबर येते आणि शेवटच्या काही सेंटिमीटरांत वाकडी होते ती यामुळेच. पट्टीच्या मध्यावर चिकटवलेला रबराचा तुकडा दिसायला छान, पण त्याची खरी गरज दोन्ही टोकांना असते. अर्थात टोकांपर्यंत दाब पोचला तरच, आणि त्यासाठी पट्टीला कडकपणा हवा. पातळ पट्टी मधे दाबली की टोकं उचलली जातात.

आराखडे काढणाऱ्यांनी हा प्रश्न फळ्याच्या कडेला टांगून सोडवला. टी-स्क्वेअरचं, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या पट्टीचं, डोकं ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला घट्ट लावलं की पट्टीला फिरायला जागाच उरत नाही, आणि गुण्या तिच्या आधाराने सरकवता येतो. १९०१ मध्ये चार्ल्स लिटल याने अमेरिकेत ड्राफ्टिंग मशीन आणलं. त्यात जोडभुजांच्या यंत्रणेमुळे पट्टी फळ्यावर कुठेही नेली तरी तिची दिशा बदलत नाही. पेन्सिलीसाठी हे पुरेसं होतं, कारण पेन्सिल कडेवर फारसा जोर देत नाही.

सुरी देते. पट्टीची खालची बाजू खऱ्या अर्थाने महत्त्वाची झाली ती टेबलावर पातं आल्यावर. १९१५ मध्ये मॉर्गन पार्करने बदलता येणाऱ्या पात्याच्या शस्त्रक्रियेच्या सुरीचं पेटंट घेतलं. १९५६ मध्ये ओसाकात योशिओ ओकादाने तुकडा मोडून नवं टोक मिळणारं पातं तयार केलं. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वड्या यांवरून त्याला ते सुचलं. अशी पाती येण्याआधी बोथट पातं दगडावर घासून पुन्हा धारेला आणायला वेळ जायचा, आता सतत धारदार पातं कुणाच्याही हातात आलं. छपाईसाठी मजकुराचे तुकडे कापून पानावर चिकटवणारी माणसं दिवसभर हेच करत. कापताना पातं कडेवर रेललेलं असतं, त्यामुळे आडवा जोर सतत लागतो. पेन्सिल घसरली तर रेघ पुसता येते. पातं घसरून पट्टीवर चढलं, तर समोर पट्टी दाबून ठेवलेली बोटं असतात.

पातं लाकडाची आणि प्लास्टिकची कड तासतं, म्हणून पोलाद हवं. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये गंज न धरणारं पोलाद बनवल्यावर उत्तम कड मिळाली. गैरसोय अशी की सर्वांत चांगली कड देणाऱ्या या धातूचा तळ गुळगुळीत असतो. त्यावर निघालेला साधा उपाय आजही टिकून आहे : तळाला कॉर्कची पातळ पट्टी चिकटवणं. कॉर्क म्हणजे एका ओकच्या झाडाची साल. हवेने भरलेल्या सूक्ष्म कप्प्यांमुळे ती दबते आणि कागदाच्या खडबडीत पृष्ठभागाला धरते. (१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली जे कप्पे पाहिले, ते कॉर्कचेच.) कॉर्क कडेपासून थोडी आत लावतात. त्यामुळे पोलादाची कड कागदापासून केसभर वर राहते आणि शाईने रेघ ओढताना शाई खाली शोषली जात नाही. मात्र कापताना हाच उचललेपणा आडवा येतो, कारण तिरपं धरलेलं पातं त्या फटीत शिरू पाहतं. एकाच पट्टीने दोन्ही कामं करायची असतील तर कडेची उंची किती ठेवायची हा बारीक तडजोडीचा मामला आहे.

बोटांच्या रक्षणासाठी पट्टीचा आडवा छेदच बदलला गेला. मधे लांब खाच आणि दोन्ही बाजूंना उंचवटा, म्हणजे बोटं खाचेत आणि पात्यासमोर भिंत. अशा पट्टीत दाबही कडेच्या जवळ राहतो, आणि घडीमुळे पत्रा वाकत नाही. एका घडीत दोन प्रश्न सुटतात, म्हणून ही रचना मला सर्वांत आवडते.

रबराची गोष्ट निराळी. आमोंतोंचा नियम रबर काटेकोर पाळत नाही, कारण ते दाबाखाली पसरून कागदाच्या खाचाखोचांत भरतं आणि प्रत्यक्ष टेकलेलं क्षेत्र वाढवतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली; तोवर ते उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. साच्यात ओतता येणारी रबरासारखी प्लास्टिकं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. १९९० मध्ये ऑक्सो कंपनीच्या गुड ग्रिप्स या स्वयंपाकघरातल्या हत्यारांना तशा मऊ पदार्थाच्या मुठी होत्या. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांना ती कल्पना संधिवाताने दुखणाऱ्या हातांनी सोलणी धरणाऱ्या पत्नीकडे पाहून सुचली. कडक प्लास्टिकशी मऊ पदार्थ साच्यातच जोडता येऊ लागल्यावर पट्टीला चिकट पाय लावणंही सोपं झालं.

पण पाय फार चिकट असले तर पट्टी नेमकी खुणेवर आणणं जमत नाही. अर्धा मिलिमीटर सरकवायला जावं तर ती कागदासकट उचलली जाते. खरी मागणी परस्परविरोधी आहे : हलक्या हाताने घसरावी आणि दाबल्यावर रुतावी. यावरचा चांगला उपाय म्हणजे रबर तळाच्या पातळीपेक्षा किंचित वर, खाचेत बसवणं आणि पट्टीला थोडी लवचीकता ठेवणं. मोकळी पट्टी कडक कडांवर सरकते, दाबली की तळ वाकून रबर कागदाला भिडतं. मात्र इथे लवचीकता नेमकी हवी. जास्त झाली की टोकं उचलली जाण्याचा जुना दोष परत येतो.

कापड कापणाऱ्यांमुळे पारदर्शक ॲक्रिलिकच्या जाड पट्ट्या आल्या. १९७९ मध्ये ओकादाच्या ओल्फा कंपनीने गोल फिरणारं पातं आणल्यावर गोधडी शिवणाऱ्यांना खालचं कापड दिसणारी रुंद पट्टी हवी झाली. गोल पातं कड तासत नाही, फिरत जातं, त्यामुळे ॲक्रिलिक चाललं. कापड मात्र कागदापेक्षा सैल, आणि पट्टीबरोबर वरचा थरही सरकतो. त्यावर कुणी तळाला वाळूकागदाचे ठिपके चिकटवले, कुणी पारदर्शक चिकट फिल्म लावली, कुणी वर निर्वात कपाचं हँडल बसवलं.

इतकं होऊनही एक गोष्ट बहुतेक पट्ट्यांमध्ये राहून गेली आहे. रबरावर कागदाची भुकटी बसते आणि पकड जाते; ओल्या फडक्याने पुसलं की बऱ्याच अंशी परत येते. कॉर्क मात्र वर्षांनी सुकते आणि कडेपासून सुटायला लागते, आणि तोपर्यंत पोलादाची कड नव्यासारखी असते. खालचा थर बदलता येईल अशी खाच ठेवणं काही अवघड नाही. पुढची चांगली पट्टी बनवणाऱ्याने सुरुवात तिथून करावी असं मला वाटतं.